२०४ पिल्लं आणि ८० तास

जानेवारी २०२४ मधल्या एका आठवड्यात आमच्या घरी कोंबडीची १३९ पिल्लं मेली. मागवली होती २००. हॅचरीने (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राने) शेकडा दोन जास्तीची धरून २०४ पाठवली. उरली ६५. खाद्याचा हिशेब लिहायला म्हणून नवी वही आणली होती, तिच्या पहिल्या पानावर मेलेल्या पिल्लांचे आकडे लिहावे लागले. हे सगळं त्या वहीवरूनच लिहिते आहे. फोनवरून एक दिवसाची पिल्लं मागवणाऱ्या आणि ती गाडीने येणार म्हणून वाट बघत बसणाऱ्या प्रत्येक घरासाठी हे लिहिलंय, कारण त्या आठवड्यात मला जे माहीत नव्हतं ते कुणी आधी सांगितलं असतं तर निम्मी तरी वाचली असती.

आमचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या वर डोंगराला लागून. भाताचा मुलूख. गावठी कोंबड्या दारात पहिल्यापासून आहेत, पण त्या घरापुरत्या. शेडमध्ये दोनशे पिल्लं वाढवून अंडी आणि नर विकायचे, हा विचार माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा. भांडवल दोघींचं. जात ठरवली कावेरी. गावठीसारखी दिसते, परसात फिरते आणि अंडी गावठीपेक्षा जास्त देते. सरकारी अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे नोंदणी करून नंबर लागेपर्यंत थांबायची तयारी ठेवायला हवी होती. आम्ही थांबलो नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका खासगी हॅचरीचा नंबर मिळाला, फोन केला, पैसे मोबाइलवरून पाठवले. ३२ रुपयांना एक पिल्लू. रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सने पेट्या येतील, पहाटे पाच वाजता संगमनेरला उतरवून घ्या, असं ठरलं.

फोनवर मी तीन प्रश्न विचारले होते. मरेक या रोगाची लस दिली आहे का? दिली आहे. गाडी कधी निघणार? मंगळवारी रात्री आठला. पोचणार कधी? बुधवारी पहाटे. तिन्ही उत्तरं खरी होती, त्यात हॅचरीने मला फसवलं नाही. ज्या प्रश्नाला खरा अर्थ होता तो मी विचारलाच नाही.

शेडची तयारी आमच्या समजुतीप्रमाणे चांगली होती. जमीन चुन्याने पोतारली होती, गिरणीतून भाताचं तूस आणून दोन इंच गादी केली होती, पत्र्याचे दोन गोल चिक गार्ड (पिल्लं पांगू नयेत म्हणून लावायचं कुंपण) आणि प्रत्येकात शंभर वॅटचे दोन-दोन बल्ब. थर्मामीटर आणला होता आणि खांबाला खिळ्यावर अडकवला होता, माझ्या कमरेच्या उंचीवर. ही उंची लक्षात ठेवा.

बुधवारी पहाटे चार वाजता बल्ब लावून आम्ही पिकअप घेऊन निघालो. संगमनेरच्या थांब्यावर पाच वाजले, सहा वाजले. ड्रायव्हरचा फोन लागेना. आठला लागला तेव्हा कळलं की गाडी पुण्याच्या अलीकडे बंद पडली आहे, दुसरी गाडी येऊन माणसं आणि सामान बदलायचं आहे. आम्ही थांब्यावरच बसून राहिलो. दुपारी साडेबाराला गाडी आली.

पेट्या डिकीत होत्या. पुठ्ठ्याच्या नेहमीच्या पेट्या, प्रत्येकीत चार कप्पे, बाजूला आणि झाकणाला वाऱ्याची भोकं. एक पेटी दुसरीवर, आणि दोन्हींच्या अंगाला कसल्या तरी मालाची पोती टेकवलेली. क्लीनरने पोती ओढली तेव्हा खालच्या पेटीची एक बाजू आत दबलेली दिसली. वरच्या पेटीतून किलबिलाट येत होता. खालच्या पेटीतून आवाज होता, पण बारीक आणि तुटक. झाकण उघडलं तर तीन कप्प्यांतली पिल्लं एकमेकांना चिकटून उभी होती. दबलेल्या बाजूच्या कोपऱ्यातल्या कप्प्यात ती उभी नव्हती. तिथली भोकं पोत्यांनी बुजली होती. ११ पिल्लं एकावर एक पडलेली, अंगावरची लव ओली होऊन कातडीला बसलेली. मी एक उचललं, ते अजून कोमट होतं. दोन्ही पेट्यांत मिळून १७ मेलेली निघाली. खालच्या पेटीत १४, वरच्या पेटीत ३.

पिकअप चालवणारा पोरगा म्हणाला, "वहिनी, सतराच गेली, बाकी चांगली आहेत." मलाही तसंच वाटलं होतं. घरी पोचायला तीन वाजले.

घरी आल्यावर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे सकाळी दहाला लाईट गेली होती आणि ती नुकतीच आली होती. पाच तास बल्ब बंद. खांबावरचा थर्मामीटर २९ दाखवत होता, बल्ब पेटून अर्धा तास झाला की ३३ वर आला, म्हणून आम्ही पिल्लं सोडली. पिल्लू मात्र कमरेच्या उंचीवर राहत नाही. ते तुसावर राहतं, आणि तूस अजून गार होतं. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर तुसावर ठेवून पाहिला तेव्हा, बल्ब चालू असताना, तिथे २६ होतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. अंगची ऊब धरून ठेवणं त्याला पहिले दहा-बारा दिवस नीट जमत नाही. बाहेरून जितकी मिळेल तितकीच त्याची ऊब.

दुसरी गोष्ट पाण्याची. गुळाचं पाणी तयार ठेवलं होतं, अंगणातल्या टाकीतलं, जानेवारीतलं. पिल्लं त्यावर तुटून पडली. ते बघून आम्हा दोघींना बरं वाटलं, किती पितायत म्हणून. तहानलेल्या पिल्लांची झुंबड उडाली की पुढची मागच्यांच्या रेट्याने भांड्यात जातात. पंधरा-वीस पिल्लं छातीपर्यंत भिजली. भांड्याच्या काठच्या पन्हाळीत चार गुळगुळीत खडे टाकले असते तर भिजली नसती. हे आत्याबाईंनी (माझ्या सासूबाईंनी) संध्याकाळी सांगितलं, त्यांच्या घरात परळात पाणी ठेवताना पूर्वीपासून खडे टाकायची रीत होती. तोवर ओली पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली होती आणि ढिगाच्या तळाशी काय चाललंय ते वरून दिसत नव्हतं.

त्या रात्रीत २३ गेली.

पुढचे आकडे वहीत असे आहेत. गुरुवार सकाळ ते शुक्रवार सकाळ ३१. शुक्रवार ते शनिवार ३८. शनिवार ते रविवार १९. मग ७, मग ३, आणि मंगळवारी १. हे आकडे मी इथे देते आहे ते त्यांच्या चढ-उतारासाठी. पेटीत दबून मेलेली आली त्याच दिवशी कळली, थंडीने मेली ती पहिल्या रात्री. पण सगळ्यात जास्त मेली ती तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेड गरम झाल्यावर, खडे टाकल्यावर, खाद्य समोर असताना. तो आकडा मला समजेना आणि न समजल्यामुळे मी एक मोठी चूक केली.

गुरुवारी संध्याकाळी पिल्लांच्या मागच्या बाजूला पांढरं चिकटलेलं दिसलं. काहींचं गुदद्वारच बंद झालं होतं. पांढरी हगवण, असं मनाने घेतलं, कारण कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणात तिचं नाव ऐकलं होतं आणि ती मोठ्या कोंबडीकडून अंड्यातूनच पिल्लात येते हेही ऐकलं होतं. म्हणजे हॅचरीची चूक. तसं ठरवलं की राग काढायला जागा मिळते. औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं, त्याने एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची बाटली दिली आणि मी ती पाण्यात टाकली. ते औषध कडू असतं. गुळाच्या पाण्यावर झुंबड करणारी पिल्लं या पाण्यात चोच बुडवून मान झटकायला लागली. पाण्याचं भांडं रात्री भरलं तेवढंच सकाळी होतं. ज्या पिल्लांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज होती त्यांचं पाणी मी स्वतःच्या हाताने बारा-चौदा तास तोडलं.

शुक्रवारी सकाळी मी मेलेल्यांपैकी पाच पिल्लं पिशवीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. हे बुधवारीच करायला हवं होतं. पशुधन विकास अधिकारी तरुण होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, ही फुटली कधी?" मी म्हटलं, बुधवारी आली. ते म्हणाले, "आली कधी ते नाही विचारलं. अंड्यातून फुटली कधी?"

मला सांगता आलं नाही. तिथूनच हॅचरीला फोन लावला. त्या माणसाने सरळ सांगितलं. मशीनमधून माल काढला सोमवारी सकाळी सहाला. सोमवारी रात्रीच आमच्याकडे यायचा होता, पण त्या रात्री गाडीत जागा नव्हती, म्हणून मंगळवारी पाठवला. डॉक्टरांनी माझ्या हातातला फोन न घेताच कागदावर गणित मांडलं. सोमवारी सहा ते बुधवारी तीन, ५७ तास. मग म्हणाले, आता यात अजून मिळवा. मशीनमधली सगळी अंडी एका क्षणी फुटत नाहीत. पहिलं पिल्लू आणि शेवटचं पिल्लू यांत २४ तासही जातात, कधी जास्त. सगळी फुटून अंग सुकलं की दार उघडतात. म्हणजे तुमच्या पेटीत रविवारी सकाळी फुटलेलीही असणार. त्यांचे झाले ८० तास.

मग त्यांनी पोटं फाडली. मी बाहेर थांबले नाही, उभी राहून बघितलं. पहिली तीन जवळजवळ सारखी होती. गळ्यातली अन्नाची पिशवी रिकामी. पोटातला बलक संपत आलेला, वाटाण्याएवढाही नाही. पित्ताची पिशवी फुगून गडद हिरवी. दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली आणि त्यांवर खडूची पूड सांडावी तसं पांढरं. अंगातलं पाणी आटलं की युरिक आम्ल बाहेर पडत नाही, ते असं साचतं. मागच्या बाजूला चिकटलेलं पांढरं तेच होतं, हगवण नव्हती. पांढऱ्या हगवणीत असतात तसे यकृतावर ठिपके नव्हते, फुप्फुसांत गाठी नव्हत्या. मग त्यांनी जठर चिरलं. त्यात भाताचं तूस होतं. खाद्याचा एक कण नाही, नुसतं तूस, दाबून भरलेलं. पिल्लू भुकेलं होतं, चोच मारत होतं, आणि जिथे उभं होतं तिथे चोचीखाली तूसच होतं. खाद्य आम्ही दोन थाळ्यांत ठेवलं होतं, प्रत्येक गार्डात एक. धडधाकट पिल्लं थाळीला लागली. अशक्त होती ती चार पावलांवरच्या थाळीपर्यंत गेलीच नाहीत. सगळ्या गादीवर कागद अंथरून त्यावर भरडा फेकला असता तर जिथे पडली तिथे चोचीत खाद्य आलं असतं.

चौथं पिल्लू पेटीत दबलेल्यांपैकी होतं, ते गुदमरून गेलं होतं. पाचव्याची बेंबी मिटलेली नव्हती आणि आतला बलक तसाच, हिरवट, वास मारणारा. हा एक मात्र खरा जंतूचा. असं शंभरात एखादं कुठल्याही खेपेत निघतं, असं ते म्हणाले. एकट्या त्याच्यावरून औषध देऊ नका, बाटली बंद करा.

मी विचारलं, आता किती जातील? ते म्हणाले, "उद्यापर्यंत आकडा वाढेल. जी आत्ता कोपऱ्यात डोळे मिटून उभी आहेत, ती बहुतेक गेलेली धरा. तुम्ही आता जे कराल ते उरलेल्यांसाठी." पुढच्या २४ तासांत ३८ गेली.

पिल्लू दाणापाण्याशिवाय ७२ तास काढतं असं धरतात, त्या गोष्टीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पिल्लांचा सगळा दूरचा व्यापार तिच्यावरच उभा आहे. अंड्यातून निघायच्या जरा आधी पिल्लू उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेतं. ४० ग्रॅमच्या पिल्लात हा बलक ५-६ ग्रॅम असतो. या शिदोरीवर ते दाणापाण्याशिवाय दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणूनच ते पेटीत घालून पाठवता येतं. अमेरिकेत तर १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं सरकारी टपालाने जातात. आपल्याकडे प्राण्यांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम १९७८ चे आहेत, कोंबड्यांचा भाग त्यांत २००१ मध्ये जोडला गेला. त्यात उबवणी यंत्रातून ब्रूडरपर्यंत (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेपर्यंत) हिवाळ्यात ७२ तास आणि उन्हाळ्यात ४८ तास ही कमाल मुदत धरली आहे. त्याच नियमांत असंही आहे की पिल्लं निघाल्याबरोबर भरून पाठवावीत, पाठवण्याआधी पेट्यांत साठवून ठेवू नयेत. आमची सोमवारची अख्खी रात्र आणि मंगळवारचा दिवस त्या साठवणीत गेला. आणि तरीही मशीनच्या दारापासून मोजलं तर आमची खेप ५७ तासांत आली, म्हणजे मुदतीच्या आत. माझं म्हणणं इतकंच आहे की ही मुदत म्हणजे पिल्लाचा शेवटचा श्वास आहे, आणि व्यापारात ती सवलतीसारखी वापरली जाते.

ती शिदोरी मुळात कशासाठी आहे, हे मी त्याच आठवड्यात माझ्याच ओसरीवर बघितलं. आत्याबाईंनी डिसेंबरात एक खुडूक झालेली कोंबडी दहा अंड्यांवर बसवली होती. बुधवारी पहाटे, म्हणजे मी संगमनेरला वाट बघत होते तेव्हा, पहिलं पिल्लू फुटलं. दुपारपर्यंत तीन झाली. गुरुवारी संध्याकाळी नववं निघालं, दहावं अंडं वांझ होतं. या दीड-दोन दिवसांत कोंबडी डालग्यातून उठली नाही. पहिल्या पिल्लाला दाणा मिळाला नाही, पाणी मिळालं नाही, ते आईच्या पोटाखाली भावंडांची वाट बघत ऊबेत बसून होतं. शुक्रवारी सकाळी ती उठली, नऊच्या नऊ घेऊन अंगणात आली आणि पायाने उकरून, कुडुक कुडुक करून प्रत्येकाला दाणा दाखवला. शिदोरी आहे ती यासाठी, पाठच्या भावंडाची वाट बघायला. आपण तिच्यावर डिकीतला प्रवास करून घेतो. ऊब असते तोवर ती दोन-तीन दिवस पुरते. थंडी वाजली की पिल्लू तीच शिदोरी अंग तापवायला जाळतं आणि दीड दिवसात मोकळं होतं. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती मला नवीन होती. बलक आहे तोवर दाणा नको, ही समजूत उलटी आहे. पोटात दाणा गेला की बलकही लवकर आणि नीट जिरतो.

शुक्रवार दुपारपासून आम्ही जे केलं ते असं. थर्मामीटर खांबावरून काढून तुसावर ठेवला. दोन्ही गार्ड मोडून एकच लहान गोल केला, वर गोणपाट अंथरलं, म्हणजे ऊब वर जाऊन उडणार नाही. लाईट जाणारच हे धरून निखाऱ्यांचं घमेलं आणि त्यावर भोकं पाडलेलं मडकं उपडं घातलं, धूर कोंडू नये म्हणून निखारे बाहेर फुलवून मगच आत आणायचे. पाणी कोमट, औषधाशिवाय, चिमूटभर मीठ आणि गूळ. आणि उरलेलं प्रत्येक पिल्लू, मी, जाऊ आणि आत्याबाई अशा तिघींनी, हातात घेऊन त्याची चोच पाण्यात बुडवली. गिळताना गळा हलतो तो दिसेपर्यंत धरायचं, मग कागदावरच्या भरड्यावर सोडायचं.

हातात घेतल्यावर दोन खुणा शिकले. पिल्लाचे पाय गालाला लावून बघायचे. पाय गार लागले तर पिल्लू गार आहे, थर्मामीटर काहीही सांगो. आणि नडगीची कातडी बघायची. पाणी आटलेल्या पिल्लाची नडगी सुरकुतलेली असते आणि तिच्यावर एक काळसर शीर दोऱ्यासारखी उठून दिसते. बुधवारी दुपारी झाकण उघडलं तेव्हाही ती शीर असणारच. मी तेव्हा मेलेली मोजत होते, जिवंतांचे पाय बघितले नाहीत.

रात्री झोपायच्या आधी गळ्याची पिशवी चाचपायची. भिजल्या डाळीसारखी मऊ लागली तर दाणा आणि पाणी दोन्ही गेलं. कडक लागली तर पाणी कमी. रिकामी लागली तर ते पिल्लू वेगळं काढून पुन्हा हाताने चारायचं. आल्यानंतर २४ तासांत शंभरातल्या पंचाण्णवांची पिशवी भरलेली हवी. आमच्याकडे शुक्रवारी रात्री, म्हणजे आल्यापासून दोन दिवसांनी, जिवंत उरलेल्यांतल्या जेमतेम निम्म्यांची भरलेली होती.

शनिवारी रात्री आत्याबाईंनी मला न विचारता सहा अशक्त पिल्लं उचलून त्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. अंधारात, मागून, एकेक. कोंबडी दोनदा गुरगुरली आणि अंग फुगवून बसली. डॉक्टरांनी बाहेरची पिल्लं घरच्यांत मिसळायची नाहीत असं बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. खेपेत खरोखर रोग असता तर घरची नऊही गेली असती. मी सकाळी चिडले. पण त्या सहांतली पाच जगली, आणि तशाच अशक्त म्हणून वेगळ्या काढून बल्बखाली ठेवलेल्या अकरांतली दोन. सहा आणि अकरा हे फार लहान आकडे आहेत, त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. जे झालं ते लिहिलंय.

हॅचरीशी बोलणं दोनदा झालं. त्यांचं म्हणणं, पेटीत मेलेल्या सतरांच्या बदल्यात पुढच्या खेपेला सतरा देऊ, बाकीची तुमच्याकडे आल्यावर मेली. गाडीवाल्याचं म्हणणं, पार्सल आपल्या जोखमीवर असतं. कागद माझ्याकडे होता तो फक्त पैसे पाठवल्याचा. पेट्या उघडताना फोटो काढले नव्हते, मेलेली मोजताना व्हिडिओ केला नव्हता, किती वाजता उतरवून घेतली ते कुणाच्या सहीने लिहून घेतलं नव्हतं. शवविच्छेदनाचा कागद शुक्रवारचा. तो कुणाकडे दाखवायचा? मी पैशांचा नाद सोडला. पण त्या गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याच्या पेटीवर वाऱ्याच्या भोकांवर पोती टेकवणाऱ्या माणसाला आत काय आहे हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत 'जिवंत पिल्लं' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, हे मला आजही सहन होत नाही. ११ पिल्लं फक्त त्यामुळे गेली.

पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात बातमी वाचली की अमेरिकेत डेलावेअर राज्यात टपाल खात्याच्या ट्रकमध्ये सुमारे १२,००० पिल्लं तीन दिवस तशीच राहिली आणि त्यांतली हजारो मेली. इतकी वर्षं ज्यांच्या टपालाने पिल्लं जातात त्यांच्याकडेही. वाचताना मला तो दबलेला कप्पा दिसला.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा १०० पिल्लं आणली, दुसऱ्या हॅचरीतून. या वेळी पहिला प्रश्न, मशीनचं दार कधी उघडणार? पलीकडचा माणूस थोडा थांबला. मग म्हणाला, गुरुवारी सकाळी सहाला. मी आणि दीर बुधवारीच पिकअप घेऊन निघालो, रात्री ओळखीच्यांकडे मुक्काम केला, सकाळी साडेसहाला दारात उभे होतो. पेट्या मागे नाही, पुढे मांडीवर घेतल्या. दर दीड-दोन तासांनी थांबून झाकण उचलून आवाज ऐकायचा. समाधानी पिल्लांचा आवाज बारीक, गप्पा मारल्यासारखा असतो. गार पडलेली ओरडतात, आणि अती गरम झालेली चोच उघडून धापा टाकतात, आवाज करत नाहीत. घरी आल्यावर शंभरची शंभर हाताने पाण्याला लावली. आठवड्यात दोन गेली. मार्चची हवा उबदार असते, त्यामुळे ही तुलना पूर्ण रास्त नाही, हेही वहीत लिहून ठेवलंय.

जानेवारीच्या ६५ पैकी मोठी झाली ५८. तीन घुबडाने का मांजराने नेली, चार मागे पडत पडत गेली. पहिल्या आठवड्यात उपाशी राहिलेलं पिल्लू जगलं तरी त्याची वाढ बरोबरीने होत नाही, ते शेवटपर्यंत कळपात ओळखू येतं. आमच्या ५८ मध्ये दहा-बारा अशी बारकी राहिली. माद्या ३१ निघाल्या, आणि त्यांचं पहिलं अंडं जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भाताची आवणी चालू असताना, जावेला सापडलं.

कोंबडीखालची पाच शेडमध्ये कधी आलीच नाहीत. आकाराने दीडपट, रंगाने वेगळी, पण संध्याकाळ झाली की गावठींच्या मागोमाग आंब्यावर चढतात आणि फांदीवर दाटीवाटीने बसतात. आत्याबाई त्यांना अजून 'गाडीवाली' म्हणतात.